पुतळी, मिरी आणि मीठ : मध्ययुगीन व्हेनिसबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मध्ययुगीन व्हेनिसवर लेख छापला होता. शेती नाही, गोडे पाणी नाही, पायाखाली खारा चिखल, अशा जागी वसलेल्या शहराने साधारण १००० ते १५०० या काळात भूमध्य समुद्रावरचा मिरीचा आणि मिठाचा व्यापार कसा हातात ठेवला, असा त्याचा विषय होता. त्यावर पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रे आली. किनाऱ्यावरच्या माणसांनी विचारलेले प्रश्न आहेत, म्हणून ते राजे-लढायांचे कमी आणि विहिरी, गाळ, लाकूड, भांडवल यांचे जास्त आहेत. व्हेनिस समजून घ्यायचे तर याच बाजूने शिरावे लागते. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

घरातल्या पुतळ्यांच्या माळेतली नाणी व्हेनिसची आहेत असे एका नातेवाइकांनी सांगितले. त्यांवर दोन माणसे दिसतात. हे खरे असू शकते का? घरी तपासता येईल का? (मालवण)

असू शकते, पण बहुतेक माळांत असतात त्या नकला. मूळ नाणे मात्र नक्की व्हेनिसचे. १२८४ साली व्हेनिसने सोन्याचा डुकाट पाडायला घेतला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, आणि सोने त्या काळी जितके शुद्ध करता येई तितके, म्हणजे शेकडा ९९ च्या वर. एका बाजूला डावीकडे व्हेनिसचा रक्षक संत मार्क उभा आहे आणि त्याच्या हातून निशाणाची काठी घेणारा डोजे, म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, उजवीकडे गुडघे टेकून बसला आहे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात, चांदण्यांच्या मध्ये, ख्रिस्त. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत नाण्याचे चित्रही तेच राहिले आणि सोन्याचा कसही. भारतातल्या सराफाला व्हेनिस कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरजच नव्हती. चित्र ओळखले की कस ठाऊक. माणसांच्या आकृत्या म्हणून आपल्याकडे ती पुतळी झाली, आणि पुढे आपल्याच सोनारांनी तिच्या नकला ठोकल्या.

तपासताना आधी भिंग घ्या. अस्सल नाण्यावर दोन आकृत्यांच्या मधोमध काठी उभी असते, तिच्या कडेने वरून खाली तीन लॅटिन अक्षरे येतात आणि उजव्या काठाने डोजेचे नाव येते. नकलेत ही अक्षरे नुसत्या रेघा आणि ठिपके होऊन जातात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. गुडघे टेकलेला डोजेही नकलेत पुष्कळदा सरळ उभा राहतो. मग वजन करा. कडी जोडलेली असेल तर तिचे आणि डाकाचे वजन मनाने वजा धरून नाणे साडेतीन ग्रॅमच्या आसपास यायला हवे. पुतळी तीन ग्रॅमच्या खाली असेल तर ती माळेसाठीच घडवलेली आहे असे समजा.

नाणे अस्सल निघाले म्हणून ते मध्ययुगातलेच असेल असे मात्र धरू नका. चित्र पाचशे वर्षे तेच असल्याने काळ ठरतो तो फक्त डोजेच्या नावावरून. मिकेले स्तेनो असेल तर १४०० ते १४१३, फ्रान्चेस्को फोस्कारी असेल तर १४२३ ते १४५७. आल्विझे मोचेनिगो हे नाव अनेक डोजेंचे होते. त्यांतला शेवटचा १७६३ ते १७७८ मधला, म्हणजे पेशवाईतला. नाव वाचून होईपर्यंत नाणे ब्रशने, चिंचेने किंवा पावडरने घासू नये. अक्षरांचे उठाव सर्वांत आधी झिजतात आणि तोच तर पुरावा.

मार्को पोलोने ज्या ‘ताना’चे वर्णन केले तिथेच व्हेनिसची वखार होती असे एका ठिकाणी वाचले. म्हणजे ठाण्यात व्हेनिसची वखार होती का? (वसई)

नाही. दोन वेगळी गावे आहेत आणि ही गल्लत फार जुनी आहे. व्हेनिसची वखार होती ते ताना अझोव्हच्या समुद्रावर, डॉन नदीच्या मुखाशी. तिथून धान्य, खारवलेले मासे, गुलाम आणि तागासारखे हेम्प यायचे. त्या हेम्पचे दोर वळण्यासाठी व्हेनिसच्या सरकारी गोदीत जी लांबच लांब इमारत होती, तिलाही तानाच म्हणत. माल जिथून आला त्या गावाचे नाव इमारतीला पडले.

मार्को पोलोच्या पुस्तकातले कोकणातले ताना ते आपले ठाणे. तिथून कातडी आणि सुती कापड बाहेर जाते, घोडे बाहेरून येतात, आणि तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार आहे, की लुटीतले घोडे राजाचे, बाकी सगळे त्यांचे, असे त्यात लिहिले आहे. ठाण्याला नक्की येऊन गेलेला व्हेनिसजवळच्या मुलखातला माणूस म्हणजे पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन साधू. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार साधूंच्या अस्थी त्याने पुढे चीनला नेल्या.

व्हेनिसभोवती सगळे खारे पाणी. मग एवढी माणसे पीत काय होती? आमच्या वाडीतली विहीर मार्च सरला की मचूळ होते, म्हणून विचारतो. ती युक्ती इथे चालेल का? (गुहागर)

१३४८ च्या प्लेगच्या आधी व्हेनिसमध्ये सुमारे एक लाख माणसे होती, आणि ती पावसाचे पाणी पीत. चौकाचौकांत दिसणाऱ्या विहिरींना खालून झरा नाही. आपल्या अर्थाने त्या विहिरीच नव्हेत, वाळूने भरलेल्या टाक्या आहेत.

बांधणी अशी. चौकाचा मधला भाग चार-पाच मीटर खोल खणायचा, भिंती वर पसरत जातील अशा उतरत्या ठेवून. तळ आणि भिंती मळलेल्या चिकणमातीच्या जाड थराने लिंपायच्या. बाहेरचे खारे पाणी आत येऊ नये आणि आतले गोडे बाहेर जाऊ नये, हे काम ती माती करते. तळाच्या मध्यावर सपाट दगड ठेवून त्यावर विटांचा गोल नळ जमिनीपर्यंत उभारायचा. त्याच्या खालच्या भागातले सांधे पाणी झिरपेल असे सैल ठेवायचे. मग नळाभोवतीचा सगळा खड्डा धुतलेल्या नदीच्या वाळूने भरायचा. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यातले मीठ वर्षानुवर्षे सुटत राहते. वर फरसबंदी करताना नळाच्या चार बाजूंना भोके पाडलेले चार दगड बसवायचे आणि सगळ्या फरशीला त्यांच्याकडे उतार द्यायचा. चौकातले आणि भोवतालच्या छपरांचे पाणी त्या भोकांतून वाळूत उतरते, गाळून नळात येते आणि माणसे ते पोहऱ्याने काढतात.

बिघडायचे ते दोन-तीन ठिकाणी. खूप मोठी भरती चौकात चढली की खारे पाणी त्याच भोकांतून आत जाई आणि टाकी उपसून काढावी लागे. म्हणून पुष्कळ ठिकाणी टाकीचा भाग दोन-तीन पायऱ्यांनी उंचावलेला दिसतो. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली तर चिकणमातीला तडे जात, आणि एकदा तडा गेला की ती टाकी कायमची मचूळ. पाऊस लांबला की ब्रेन्ता नदीचे पाणी होड्यांतून आणून टाक्यांत ओतत. तो धंदा करणाऱ्यांचा वेगळा संघच होता. सार्वजनिक टाक्यांना लोखंडी झाकण आणि कुलूप असे आणि ते ठरलेल्या वेळीच उघडे.

आता तुमच्या वाडीचा हिशेब. दहा बाय दहा मीटरचा, चार मीटर खोल खड्डा म्हणजे ४०० घनमीटर. पण त्यात वाळू भरलेली. पाण्याला उरते ती वाळूच्या कणांमधली जागा, साधारण एक तृतीयांश. म्हणजे सुमारे १,३०,००० लिटर. ५० माणसांना पिण्या-स्वयंपाकापुरते रोज २० लिटर दिले तर १३० दिवस. व्हेनिसला हे पुरे, कारण तिथे वर्षाला जेमतेम ८०० मिलिमीटर पाऊस पडत असला तरी तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो आणि टाकी पुन्हा पुन्हा भरते. आपल्याकडे त्याच्या साडेतीन-चार पट पाऊस पडतो, पण सगळा चार महिन्यांत. दसऱ्यापासून मृगापर्यंतचे आठ महिने काढायचे तर टाकी दुप्पट हवी. शिवाय आपला जांभा सच्छिद्र. लिंपण कुठे पातळ राहिले तर दिवाळीपर्यंत टाकी रिकामी. वाळूऐवजी मोकळी, बंदिस्त टाकी बांधली तर त्याच खड्ड्यात तिप्पट पाणी मावते. त्या काळी वाळू भरण्याची कारणे होती : ती पाणी गाळते आणि चिखलातल्या खड्ड्याच्या भिंतींना आतून आधार देते. जांभ्यात भिंत आपसूक उभी राहते. म्हणून व्हेनिसचा उतार, गाळण आणि चिकणमाती जरूर घ्या. वाळूने भरलेले पोट इथे घेऊ नका.

खाजणात लाकडाचा खांब रोवला तर काही वर्षांत पोखरून जातो. मग व्हेनिसचे लाकडी पाये शेकडो वर्षे कसे टिकले? (दाभोळ)

तुमचा खांब पोखरतो कारण तो उघड्या पाण्यात उभा आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा वाहत्या खाऱ्या पाण्यातून येतो, आणि कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. व्हेनिसमध्येही होड्या बांधायचे आणि वाट दाखवायचे खांब असेच खाल्ले जातात व बदलावे लागतात. इमारतीखालचे खुंट मात्र संपूर्ण चिखलात गाडलेले आहेत. तिथे किडा पोचत नाही आणि बुरशीला हवा मिळत नाही. लाकडाचा दगड होतो ही ऐकीव गोष्ट आहे. बारीक जिवाणू तेही लाकूड हळूहळू मऊ करतात, पण भोवतालचा दाबलेला गाळ आणि मऊ झालेले लाकूड मिळून भार पेलत राहतात.

रीत अशी होती. जागेभोवती बांध घालून पाणी उपसायचे. ओक, लार्च, आल्डर किंवा एल्मचे दोन-तीन मीटरचे खुंट, बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून आत येत, दाटीवाटीने ठोकायचे. बाहेरून आत येण्याचे कारण असे की कडा आधी बंद झाली की आतला चिखल बाजूला पळू शकत नाही आणि प्रत्येक नव्या खुंटाबरोबर आवळला जातो. खाली कारान्तो नावाचा घट्ट मातीचा थर आहे. खुंट तिथवर पोचला तर उत्तम, पण सगळीकडे पोचत नाही; तिथे आवळलेला चिखलच पाया. खुंटांची डोकी एका पातळीत कापून त्यावर लार्चच्या फळ्यांचे आडवे-उभे थर, त्यावर समुद्रापलीकडच्या इस्त्रिया प्रांतातून आणलेला पांढरा दगड आणि त्याच्या वर विटा.

या इस्त्रियाच्या दगडाला सारे श्रेय द्यायला हवे. तो पाणी जवळपास शोषत नाही, म्हणून खारी ओल विटेपर्यंत चढत नाही. त्याचे थर नेहमीच्या भरतीरेषेच्या वर आणून सोडले की काम झाले. व्हेनिसच्या लगूनमध्ये, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या सरोवरात, भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणालाही साधारण एक मीटर, म्हणून दगडाचा पट्टा अरुंद ठेवून भागले. मुंबईजवळ हाच फरक चार मीटरच्या पुढे जातो. तिथे इतका उंच दगडी पट्टा बांधणे कोणालाच परवडले नसते. आज व्हेनिसच्या भिंतींचे पोपडे निघतात ते समुद्राची पातळी वर आल्याने आणि जमीन खचल्याने भरती त्या दगडाच्या वर, विटेत शिरते म्हणून. १९०२ मध्ये संत मार्कच्या चौकातला घंटेचा मनोरा कोसळला, तेव्हाही खालचे मध्ययुगीन खुंट शाबूत निघाले. दोष वरच्या भिंतीचा होता.

लेखात म्हटले आहे की पैसा नसलेला तरुणही व्हेनिसमध्ये परदेशी व्यापार करू शके. भांडवल कोण देत असे आणि बुडाले तर? (रेवदंडा)

मच्छीमार होडीत जशी पत्ती असते, एकाची होडी, एकाचे जाळे, एकाची मेहनत, तसाच हा करार, नाव कोल्लेगान्झा. घरी राहणारा पैसा घालतो, जाणारा माल घेऊन समुद्रावर जातो. जुन्यात जुन्या शिल्लक करारांपैकी एक १०७३ सालचा आहे. जोव्हान्नी लिस्सादो नावाच्या माणसाने सेवास्तो ओरेफिचे याच्याकडून २०० लिब्रा (त्या काळचे चलन) घेतले, स्वतःचे १०० घातले, त्यातून एका गलबतातल्या दोन पत्त्या घेतल्या आणि ग्रीसमधल्या थीब्जला माल न्यायचे ठरवले. नफा निम्मा-निम्मा. म्हणजे एक तृतीयांश भांडवल घालणाऱ्याला अर्धा नफा. वरचा फरक हा त्याच्या जिवाच्या जोखमीचा आणि मेहनतीचा मोबदला. समजा ९० लिब्रा नफा झाला : भांडवलाच्या प्रमाणात लिस्सादोला ३० मिळाले असते, करारामुळे ४५ मिळतात.

जवळ काहीच नसेल त्याच्यासाठी दुसरा प्रकार होता. सगळे भांडवल घरच्याचे, नफ्यातले तीन हिस्से त्याचे आणि चौथा जाणाऱ्याचा. वादळात किंवा चाच्यांच्या हाती माल गेला तर पैसा घालणाऱ्याचा पैसा गेला, जाणाऱ्याची मेहनत गेली. जाणाऱ्याच्या घरावर जप्ती नाही. चर्चने व्याज निषिद्ध ठरवले होते, आणि जोखीम वाटून घेतल्यामुळे या कराराला व्याज म्हणता येत नव्हते. दोन-चार फेऱ्या नीट झाल्या की जाणाऱ्याची गाठ बांधली जाई आणि पुढच्या खेपेला तोच दुसऱ्याला पैसा देई.

फसवणुकीचा धोका उघड आहे : परमुलखात काय भावाने विकले हे घरी बसलेल्याला कसे कळणार? म्हणून करार लेखी, नोटरीसमोर, आणि परत आल्यावर ठरलेल्या मुदतीत हिशेब देण्याचे बंधन. शिवाय एक माणूस अनेकांचे थोडे थोडे भांडवल नेई आणि पैसा घालणाराही तो पाच-सहा गलबतांत विभागून ठेवी. हिशेबाची जी जमा-नावे पद्धत इथल्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत रुळली, ती लुका पाचोली या साधूने १४९४ मध्ये व्हेनिसलाच छापलेल्या गणिताच्या पुस्तकात पायरीपायरीने मांडली : आधी कच्ची वही, मग रोजकीर्द, मग खतावणी, आणि प्रत्येक रक्कम खतावणीत दोनदा. आपल्या पेढीवरच्या कारकुनाला ती वाचून परके काही वाटले नसते.

एक गोष्ट लेखात राहून गेली, ती इथे सांगतो. १२९७ मध्ये शहराचा कारभार पाहणाऱ्या महासभेचे दार ठरावीक घराण्यांपुरते बंद करण्यात आले आणि पुढच्या पिढीत दूरच्या फायद्याच्या व्यापारातही सामान्यांवर बंधने आली. कोल्लेगान्झातून नवी माणसे वर येत होती, ती वाट त्यानंतर अरुंद होत गेली. व्हेनिस त्यानंतरही दोनशे वर्षे श्रीमंत राहिले, पण आमच्या मते त्या शहराने स्वतःचे सर्वांत मोठे नुकसान त्या निर्णयाने केले. वास्को द गामाचा क्रमांक त्याच्या नंतर लागतो.

आपली मिरी व्हेनिसला पोचायला किती वेळ लागे? तिकडेही पावसाळ्यात गलबते बंद असत का? (रत्नागिरी)

मलबारची मिरी हिवाळी वाऱ्यावर एडनला, तिथून तांबड्या समुद्रात. जिद्दाच्या उत्तरेला वारा तोंडावर येतो, म्हणून माल लहान गलबतांत किंवा उंटांवर चढे, पुढे कैरो, मग नाईलने अलेक्झांड्रिया. हा सगळा टप्पा अरब आणि इजिप्शियन व्यापाऱ्यांचा. व्हेनिसच्या माणसाला त्यात प्रवेश नव्हता. व्हेनिसची सरकारी गॅली, म्हणजे वल्ह्यांची लांब जहाजे, ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये निघून शरदात अलेक्झांड्रियाला पोचत, ठरलेल्या मोजक्या दिवसांत खरेदी उरकत आणि नाताळाच्या सुमारास घरी येत. मुदत संपल्यावर आणलेला माल चढवायची मनाई होती. हे कडक वाटते, पण एका व्यापाऱ्यासाठी ताफा थांबला तर सगळेच हिवाळी वादळात सापडत.

जहाजे सरकारने बांधलेली. प्रत्येक फेरीसाठी ती लिलावात भाड्याने जात. कुठे थांबायचे, किती दर घ्यायचा, किती धनुर्धारी न्यायचे, सगळे लिलावाच्या अटींत. मिरी कार्गो या मापाने मोजत, सुमारे १२० किलो. व्हेनिसला आल्यावर जर्मन व्यापारी ती रिआल्तो पुलाजवळच्या त्यांच्या वखारीत घेत. ही वखार १२२८ पासूनची. जर्मनांनी तिथेच राहायचे आणि सरकारी दलालामार्फतच सौदा करायचा, असा नियम होता.

बंदीबद्दल : तेराव्या शतकापर्यंत तिकडेही हंगाम बंद असे, पण हिवाळ्यात. कारण नुसते वादळाचे नव्हते. ढगांमुळे सूर्य-तारे दिसत नसत. होकायंत्र आणि किनाऱ्यांचे नकाशे हाती आल्यावर, साधारण १३०० च्या सुमारास, हिवाळ्यातही जहाजे निघू लागली आणि पूर्वेकडे वर्षाला दोन पूर्ण फेऱ्या शक्य झाल्या. आपला पावसाळी समुद्र होकायंत्राने उघडत नाही, कारण इथे अडवतो तो वारा आणि लाट.

मिरी समजली. पण मिठातून शहर श्रीमंत कसे होते? आमच्याकडे मिठागरे आहेत, श्रीमंती नाही. (शिरोडा)

मीठ पिकवणारा कुठेच श्रीमंत झाला नाही, व्हेनिसमध्येही. श्रीमंत झाले ते मीठ साठवणारे आणि अडवणारे. सुरुवात मात्र तुमच्यासारखीच. सहाव्या शतकात, ५३७-३८ च्या सुमारास, राव्हेन्नाच्या दरबारातला मंत्री कास्सिओदोरुस लगूनमधल्या लोकांना लिहितो : तुमची घरे पाणपक्ष्यांच्या घरट्यांसारखी, दारी जनावरांऐवजी होड्या बांधलेल्या, आणि नांगर-विळ्याऐवजी तुम्ही मिठागरातले रूळ फिरवता. कोंडीत भरतीचे पाणी घ्यायचे, एका कोंडीतून दुसरीत आटवत न्यायचे, शेवटच्या कोंडीचा तळ रुळाने घट्ट करायचा, हे तुम्हाला सांगायला नको.

पुढे लगूनच्या दक्षिण टोकाच्या किओज्जा गावाचे मीठ कमी पडले आणि इस्त्रिया, इबिझा, सायप्रस इथून ते आणले जाऊ लागले. १२८१ च्या नियमाने परतणाऱ्या जहाजांना मीठ आणणे भाग पाडले. मिरी-रेशमाला जागा थोडी लागते, जहाजाला तळाशी वजन तर हवेच. दगड भरण्याऐवजी मीठ भरायचे. ते सरकार ठरल्या दराने घेई, गोदामात ठेवी आणि इटलीच्या उत्तर भागात चढ्या भावाने विकी. व्यापाऱ्याची फेरी तोट्याची ठरली तरी मिठाचे पैसे हमखास मिळत, म्हणजे मिठाच्या नफ्यावर मिरीची वाहतूक स्वस्त झाली. याची किंमत मोजली ती लोम्बार्दीतल्या गवळ्याने आणि शेतकऱ्याने. शेजाऱ्याने स्वतःचे मीठ काढायला घेतले तर लढाई : १४८२ ते ८४ च्या फेर्रारा युद्धाच्या कारणांत कोमाक्क्योची मिठागरे होती. ज्या गावाने १९३० चा मिठाचा सत्याग्रह पाहिला, तिथल्या वाचकाला यातला अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

नारळी पौर्णिमेसारखा सण व्हेनिसमध्येही होता असे ऐकले. (अलिबाग)

होता. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, म्हणजे बहुधा मे महिन्यात, डोजे सजवलेल्या नौकेतून लगूनच्या तोंडाशी जाई आणि समुद्रात सोन्याची अंगठी टाकी. मूळ प्रथा, १००० साली डोजे पिएत्रो ओर्सेओलो त्याच दिवशी समुद्रापलीकडच्या दाल्मात्सिया किनाऱ्याच्या मोहिमेवर निघाला त्याची आठवण म्हणून समुद्राला आशीर्वाद देण्याची. अंगठीची भर ११७७ मध्ये पोपने घातली असे सांगतात. दिसायला दोन्ही सारखे, पण म्हणणे उलटे आहे. कोळी नारळ देऊन दर्याला शांत हो म्हणून विनवतो. डोजे अंगठी टाकताना म्हणे, तुझ्यावरच्या आमच्या कायमच्या सत्तेची खूण म्हणून तुझ्याशी लग्न लावतो.

चौल, दाभोळ गाळाने मागे पडली. व्हेनिस तर नद्यांच्या तोंडाशीच. ते कसे वाचले? (चिपळूण)

आधी एक दुरुस्ती. दाभोळ केवळ गाळाने मागे पडले नाही. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले होते. गाळाने बुडालेल्या युरोपीय बंदराचे उदाहरण हवे तर आजच्या बेल्जियममधले ब्रुज घ्या : झ्विन नावाची तिची खाडी भरत गेली आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी व्यापार अँटवर्पला गेला.

व्हेनिसने नद्याच हलवल्या. घरासमोर धोका दिसत होता : लगूनच्या उत्तरेचे तोर्चेल्लो एके काळी व्हेनिसच्या तोडीचे गाव, नद्यांचा गाळ साचून पाणी गोडे-मचूळ झाले, बोरू वाढला, हिवताप पसरला आणि माणसे घरांच्या विटा-दगडांसकट निघून गेली. चौदाव्या शतकापासून ब्रेन्तासमोर बांध घालून तिचे पाणी दक्षिणेकडे वळवायला सुरुवात झाली. पुढची तीनशे वर्षे हे काम चालू राहिले : १५०१ मध्ये पाण्यासाठी कायमचे खाते, १६०४ मध्ये पो नदीला नवे तोंड, १६८३ पर्यंत पिआव्हे आणि सिले या नद्या लगूनबाहेर. वाटेत चुका पुष्कळ. नदी वळवली की तिचा उतार कमी होतो, पात्र भरते आणि पूर वरच्या शेतांत शिरतो; पादुआच्या मुलखाने ते वारंवार सोसले. आणि आता उलटे दुखणे आहे. गाळ येणे थांबल्याने लगूनची खाजणे झिजत चालली आहेत, तळ खोल होत आहे.

पुढच्या वर्षी मुलाकडे इटलीला जायचे आहे. एका दिवसात मध्ययुगातले व्हेनिस पाहायचे तर काय पाहावे? (सावंतवाडी)

सकाळी पहिल्या बोटीने तोर्चेल्लो. तिथल्या कॅथेड्रलची स्थापना ६३९ ची, आतली मोझेक चित्रे अकराव्या-बाराव्या शतकांतली, आणि भोवती तेच गवताळ खाजण ज्याने गाव गिळले. परतताना मुरानो; आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या इथे हलवल्या. दुपारी गोदीचा दरवाजा बाहेरून पाहा. आत डांबराच्या कढया उकळत, ते दृश्य कवी दान्तेने नरकाच्या वर्णनात वापरले आहे. मग दक्षिणेच्या धक्क्यावरची मिठाची गोदामे. वाटेत लागेल त्या चौकात फरशीतले भोके पाडलेले चार दगड शोधा आणि विहिरीच्या काठावर आतून हात फिरवा. दोरांनी घासून पडलेले खोल चर बोटांना लागतील. नोव्हेंबरच्या आसपास जाणार असाल तर त्या दिवसाचे भरतीचे अंदाज आधी पाहून ठेवा आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट बरोबर असू द्या.